मोसंबीच्या बागेतला सेन्सर नोड एका सेलवर वर्षभर कसा चालवायचा

मोसंबीचा बहार (फुलोरा) धरायचा म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, आणि ताण द्यायचा तर जमिनीत ओल किती उरली ते रोज कळायला हवं. आंबे बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडलं की भारी काळ्या जमिनीत झाड ताणावर यायला दीड-दोन महिने लागतात. मुरमाड रानात बरंच लवकर पानं पिवळी पडतात. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर, अंबड, घनसावंगी भागात एकाच बागेत वरच्या अंगाला मुरूम आणि खालच्या अंगाला काळी, असा प्रकार नेहमीचा. तिथे नुसत्या नजरेवर भागत नाही, म्हणून ओलावा मोजणारे वायरलेस नोड लावले जातात. अडचण एवढीच, की ताण दोन महिन्यांचा आणि सेल टिकतो आठ दिवस.

मग मोठा सेल बसवायचा, नाहीतर सोलर पॅनेल लावायचं, हा पहिला विचार. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी करायचा. बांधावरचं पॅनेल धुळीने माखतं, पक्षी घाण करतात, आणि चोराला ते लांबूनच दिसतं. नोडची भूकच आधी कमी केली तर पॅनेल बहुतेक वेळा लागतच नाही.

पुढचं सगळं एक साधी मांडणी गृहीत धरून आहे: बागेत आठ-दहा नोड, प्रत्येकाला दोन खोलींवर कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर, लोरा रेडिओ (कमी विजेत लांब पोचणारा), आणि दीड-दोन किलोमीटरवर गावातल्या घराच्या गच्चीवर गेटवे, म्हणजे सगळ्या नोडचे संदेश घेणारं यंत्र. कापूस, तूर, आंबा, विहिरीची पातळी, काहीही मोजत असाल तरी हिशोब हाच.

पहिलं काम: विजेचा ताळेबंद

गावशिवाराचा पाण्याचा ताळेबंद मांडतात तसा नोडच्या विजेचा मांडायचा. खर्चाचे रकाने दोनच: झोपेतला खर्च आणि जागेपणीचा खर्च. झोपेतला करंट गुणिले २४ तास. जागेपणीचा करंट गुणिले जागे राहण्याचे सेकंद गुणिले दिवसातल्या खेपा, भागिले ३६००. दोन्हींची बेरीज म्हणजे दिवसाचे मिलिअँपिअर-तास.

बाजारात सहज मिळणारा ईएसपी३२चा (वाय-फाय असलेली मायक्रोकंट्रोलर चिप) डेव्हलपमेंट बोर्ड घेतला, बागेतच ४जी राउटर ठेवला आणि दर पाच मिनिटांनी वाय-फायवरून आकडे पाठवले, तर काय होतं ते पाहू. चिप स्वतः गाढ झोपेत साधारण १० मायक्रोअँपिअर घेते. पण बोर्डावर एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असतो आणि तो एकटाच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. त्यात पॉवरचा लाल दिवा आणि यूएसबीची चिप. मिळून १० मिलिअँपिअर धरा. दिवसाचे २४०. वाय-फाय जोडून, आकडे पाठवून पुन्हा झोपायला आठ सेकंद, सरासरी १०० मिलिअँपिअर, दिवसाला २८८ खेपा: ६४. एकूण ३०४. २६०० मिलिअँपिअर-तासांच्या १८६५० आकाराच्या लिथियम-आयन सेलमधून प्रत्यक्षात २००० हाती लागतात असं धरलं तर आठवडाही जात नाही.

यात डोळ्यात भरणारी गोष्ट म्हणजे पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग वीज नोड *झोपलेला असताना* गेली. वाय-फायला शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्याचा नंबर दुसरा.

आता त्याच जागी ३.३ व्होल्टवर चालणारा एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलर, एसएक्स१२७६ लोरा चिप आणि एमसीपी१७०० रेग्युलेटर. झोपेत मायक्रोकंट्रोलर वॉचडॉगसकट (ठरल्या वेळी उठवणारा आतला टायमर) ५ मायक्रोअँपिअर, रेग्युलेटर २, रेडिओ अर्ध्याहून कमी, बॅटरी मोजायचा व्होल्टेज डिव्हायडर २. सगळं मिळून १० मायक्रोअँपिअर धरले तर दिवसाचे ०.२४ मिलिअँपिअर-तास. दर अर्ध्या तासाला एक खेप: दोन सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर मिळून १४ मिलिअँपिअर एक सेकंद, मग रेडिओसकट ३३ मिलिअँपिअर ०.२९ सेकंद. ४८ खेपांचे ०.३१. दिवसाचा एकूण खर्च ०.५५.

३०४ विरुद्ध ०.५५. सेल तोच, बाग तीच.

झोपेतला करंट खरा मोजा

कागदावरचे १० मायक्रोअँपिअर प्रत्यक्षात क्वचितच येतात. म्हणून मोजायचं, आणि साध्या मल्टिमीटरने मोजताना एक गंमत होते. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटरच्या आत मोठा रेझिस्टन्स असतो. नोड जागा होऊन करंट ओढायला लागला की मीटरवरच व्होल्टेज पडतं, नोड रीसेट होतो, परत उठतो, परत पडतो. मीटरवर आकडे नाचत राहतात आणि माणूस समजतो बोर्ड खराब आहे.

उपाय सोपा. मीटर सेलच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये जोडा आणि मीटरच्या दोन्ही टोकांवर एक छोटं बटण किंवा जंपर आडवा लावा. नोड सुरू करताना जंपर बसवलेला, म्हणजे करंट मीटरला वळसा घालून जातो. नोडने एक खेप पूर्ण केली, झोपला, की जंपर काढा आणि आकडा वाचा. पुन्हा उठायच्या आत जंपर परत. चाचणीपुरता झोपेचा काळ दोन मिनिटांचा ठेवला की घाई होत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट असेल तर उत्तमच. झोप आणि जाग दोन्हींचा आलेख एकत्र दिसतो. पण नसलं म्हणून अडत नाही.

आकडा ५० मायक्रोअँपिअरच्या वर असेल तर पुढच्या भागाला लागा. काही मिलिअँपिअरमध्ये असेल तर कोडकडे नंतर बघा. बोर्डावर काहीतरी जळतंय.

गळती शोधून बंद करणे

पॉवरचा दिवा काढा. सोल्डरिंग गनने उचलता आला तर ठीक, नाहीतर त्याच्या शेजारचा रेझिस्टर उडवा. रिअल टाइम क्लॉकच्या मोड्यूलवर, सेन्सरच्या पट्टीवर, चार्जरवर, सगळीकडे असले दिवे असतात. पेटीत बंद असलेला दिवा कोण बघतो?

रेग्युलेटर बदला. एएमएस१११७ला बाहेरच्या व्होल्टेजपेक्षा आत एक व्होल्टहून जास्त लागतं. ३.३ व्होल्ट हवे तर आत ४.४ पाहिजेत, आणि लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावरही ४.२ देतो. म्हणजे हा भाग सेलवर चालवण्यासाठी नाहीच. एमसीपी१७०० स्वतःवर २ मायक्रोअँपिअरपेक्षा कमी खर्च करतो आणि सेल बराच खाली जाईपर्यंत साथ देतो. फक्त त्याला ६ व्होल्टच्या वर चालत नाही, हे लक्षात ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेट सेल वापरला तर रेग्युलेटरच काढता येतो: भरलेला ३.६, बराच काळ ३.२ च्या आसपास, आणि वर सांगितलेल्या चिपांना तो थेट चालतो.

बॅटरीचं व्होल्टेज मोजायला १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावायची पद्धत आहे. त्यातून चोवीस तास २० मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे आपल्या अख्ख्या झोपलेल्या नोडच्या दुप्पट. एक-एक मेगओहमचे लावा आणि मोजायच्या पिनला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, वाचन स्थिर येतं.

सेन्सरला कायम वीज देऊ नका. कपॅसिटिव्ह सेन्सर सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. एवढा करंट मायक्रोकंट्रोलरची एक पिन सहज देते, म्हणून त्याची पॉवर पिनवरूनच द्या: पिन चालू, थोडं थांबा, चार-पाच वाचनं घेऊन मधलं ठेवा, पिन बंद. बंद केल्यावर त्याची डेटा पिनही शून्यावर आणा, नाहीतर त्या वाटेने सेन्सर अर्धवट जिवंत राहतो आणि ५०-१०० मायक्रोअँपिअर कुठे जातात ते कळत नाही. ज्या पिना वापरातच नाहीत त्या मोकळ्या लोंबत्या ठेवू नका. तापमानाला डीएस१८बी२० असेल तर १२ बिटांवर एका वाचनाला ७५० मिलिसेकंद जातात, ९ बिटांवर ९४. मातीचं तापमान अर्ध्या अंशाच्या अचूकतेने कळलं तर बागेचं काही बिघडत नाही. ९ बिट पुरे.

मेमरी कार्ड मात्र नोडवर नकोच. ते झोपेतही मायक्रोकंट्रोलरच्या कितीतरी पट घेतं, आणि नोंदी ठेवायला गेटवे आहेच.

जिथे तासातून एकदाच उठायचं आहे तिथे टीपीएल५११०सारखा टायमर बघा. तो अवघ्या ३५ नॅनोअँपिअरवर दोन तासांपर्यंत वेळ मोजतो आणि मधल्या काळात बाकी सगळ्या बोर्डाची वीजच तोडतो. मग बोर्डावर काय काय गळतं याची चिंता उरत नाही. दर वेळी नोड शून्यापासून सुरू होतो, मागचं काही आठवत नाही, एवढी त्याची किंमत.

किती वेळा मोजायचं, किती वेळा सांगायचं

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक जण त्या एक करतात. मोजणं स्वस्त, सांगणं महाग.

काळी जमीन ओल धरून ठेवते. ताणाच्या काळात एका दिवसात ओलाव्यात जो फरक पडतो तो सेन्सरच्या स्वतःच्या चुकीएवढा असू शकतो. तिथे दर पाच मिनिटांनी आकडा पाठवणं म्हणजे गेटवेला तेच तेच ऐकवणं. तासाला एकदा मोजा. मागच्या पाठवलेल्या आकड्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तरच पाठवा. फरक नसला तरी सहा तासांनी एक हजेरी पाठवा, म्हणजे नोड मेला की ओलावा स्थिर आहे, हा घोळ होत नाही.

ठिबक सुरू असताना गोष्ट उलटी. वरच्या सेन्सरवर ओल पोचली, खालच्यावर कधी पोचते, वाफसा कधी येतो, हे बघायचं असेल तर दहा-पंधरा मिनिटांनी मोजावं लागतं. म्हणून कोडमध्ये दोन चाली ठेवा. वरचा सेन्सर एकदम उसळला की तीन-चार तास जलद चाल, मग आपोआप संथ.

एक धोका इथेच सांगतो. काळी माती वाळली की भेगा पडतात. सेन्सरची पट्टी भेगेत उघडी पडली की वाचन एकदम कोरडं येतं, पुन्हा माती सरकली की वर जातं. फरक पडला की पाठवणारा नोड अशा वेळी दिवसभर पाठवतच राहतो. पट्टी उभी न खोचता तिरपी बसवा, त्याच मातीचा घट्ट गारा करून भोवती दाबा, आणि दिवसातून जास्तीत जास्त किती संदेश जातील याला कोडमध्ये मर्यादा घाला.

रेडिओ: बाइट, स्प्रेडिंग फॅक्टर, उंची

संदेश लहान करा. ओलावा, तापमान, व्होल्टेज असं नावानिशी लिहून पाठवलेला मजकूर सहज ६० बाइटचा होतो. एसएफ१० (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, लोराचा वेग आणि पल्ला ठरवणारी पायरी), १२५ किलोहर्ट्झवर त्याला ०.७ सेकंद हवेत राहावं लागतं. तीच माहिती ६ बाइटमध्ये बसते: प्रत्येक ओलाव्याला एक बाइट, तापमानाला एक, व्होल्टेजला एक (व्होल्टमधून २ वजा करून शंभराने गुणा, ४.५ व्होल्टपर्यंत बसतं), नोडचा क्रमांक, अनुक्रमांक. हवेतला वेळ पाव सेकंद. अर्थ लावायचं काम गेटवेच्या पलीकडे. तिथे विजेची ददात नाही.

स्प्रेडिंग फॅक्टर एक पायरी वाढवला की हवेतला वेळ साधारण दुप्पट होतो. १२ बाइटचा संदेश एसएफ७ वर ४१ मिलिसेकंदांत जातो, एसएफ१० वर २८९, आणि एसएफ१२ वर १.१६ सेकंद. सात आणि बारात २८ पटींचा फरक. तरीही रेंज येत नाही म्हटलं की लोक सरळ १२ लावून मोकळे होतात.

रेंज वाढवायच्या तीन वाटा आहेत, त्यांची किंमत तपासू. एसएफच्या तीन पायऱ्या चढल्या की साधारण ७.५ डेसिबल मिळतात, खर्च सातपट. रेडिओची पॉवर १३ वरून २० डीबीएम (पाठवण्याच्या ताकदीचं माप) केली की ७ डेसिबल मिळतात. एसएक्स१२७६च्या माहितीपत्रकाप्रमाणे करंट २९ वरून १२० मिलिअँपिअरवर जातो, म्हणजे चौपट. (काही तयार मोड्यूलमध्ये चिपची फक्त जास्त पॉवरची, म्हणजे बूस्टची, वाट जोडलेली असते, तिथे १३ डीबीएमलाही जास्त करंट लागतो, मोजून घ्या.) तिसरी वाट अँटेना वर नेण्याची. तिला सेलमधला एक थेंबही लागत नाही.

उंचीचं महत्त्व आकड्यात सांगायचं तर दोन किलोमीटरच्या अंतरात मधोमध रेडिओलहरीला सरळ रेषेच्या भोवती सुमारे १३ मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त मिळाली तरी काम भागतं. मध्ये उभा ऊस, बांधावरची बाभळ, वस्तीवरचे पत्रे आले की ती खातात. गेटवेची अँटेना घराच्या गच्चीऐवजी ग्रामपंचायतीला विचारून पाण्याच्या टाकीवर गेली तर सगळ्या नोडचा एसएफ एक-दोन पायऱ्या खाली येतो. नोडच्या बाजूला झाडाच्या वर डोकं काढेल असा पीव्हीसी पाइप पुरे. पण पेटी खाली आणि अँटेना वर अशी बारीक कोॲक्स केबल ओढू नका. बारीक केबलमध्ये दर मीटरला सुमारे एक डेसिबल जातो. पेटीच वर न्या, सेन्सरची वायर खाली सोडा.

आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय काम करता येतं. अँटेना त्याच पट्ट्याची हवी. साध्या तारेची केली तर ८.६ सेंटिमीटर. ऑनलाइन मागवलेल्या मोड्यूलसोबत बऱ्याचदा ४३३ किंवा ९१५ची अँटेना येते आणि मग दोष रेंजला दिला जातो. अँटेना न लावता रेडिओ चालवला तर चिप जळू शकते.

पोच, लोडशेडिंग आणि रिले

नोडने संदेश पाठवायचा आणि गेटवेने पोच द्यायची, हे ऐकायला चोख वाटतं. पण गेटवे गावातल्या लाइटवर. लाइट गेली की पोच येत नाही, नोड पुन्हा पाठवतो, लोरावॅन (लोरावर चालणारी जाळ्याची ठरीव पद्धत) असेल तर काही प्रयत्नांनी एसएफ वाढवून पाठवतो. रात्रभर लाइट नसली की सगळे नोड मिळून हवेत ओरडत बसतात आणि कित्येक दिवसांची वीज एका रात्रीत घालवतात. मराठवाड्यात नोड अकाली संपायचं हे कारण मी वरच्या नंबरात धरतो.

पोच मागूच नका. त्याऐवजी प्रत्येक संदेशात आधीचे दोन आकडेही जोडा. एखादा संदेश हुकला तरी माहिती पुढच्यात येते. आणि गेटवेला १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी लावा. राउटरसकट ५ वॉट खर्च धरला तर दहा-बारा तास निघतात.

सगळे नोड एकाच ठोक्याला बोलू नयेत म्हणून प्रत्येक खेपेत शून्य ते साठ सेकंदांची यादृच्छिक वाट पाहायला लावा.

मधल्या नोडला रिले, म्हणजे इतरांचे संदेश पुढे पाठवणारा, करायचा मोह टाळा. रिले म्हणजे सतत ऐकणं, आणि एसएक्स१२७६ नुसता ऐकतानाही ११ मिलिअँपिअरच्या घरात घेतो. दिवसाचे २६०, आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत. शिवाय गेटवेजवळच्या नोडवर बाकी सगळ्यांचा बोजा पडतो आणि तो आधी मरतो. अभ्यासक्रमात लीच नावाची पद्धत शिकवतात. २००० साली हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी मांडलेली. तिच्यात गटप्रमुख आळीपाळीने बदलतो, म्हणजे बोजा वाटला जातो. शेकडो नोडच्या जाळ्यासाठी कल्पना सुंदर आहे. दहा नोडच्या बागेत प्रत्येकाने थेट गेटवेशी बोलावं. रिले लागलाच तर तो विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीजवळ ठेवा. शेतीची लाइट आठच तास असली तरी बॅटरी भरायला तेवढी पुरते.

सेल आणि मे महिन्याचं ऊन

नोडचा दिवसाचा खर्च ०.५५ मिलिअँपिअर-तास, त्याने सेलच्या २००० ला भागलं तर उत्तर दहा वर्षांच्या आसपास येतं. ते खरं धरू नका. लिथियम-आयन सेल नुसता पडून राहिला तरी महिन्याला साधारण दोन टक्के उतरतो. २६००च्या सेलसाठी हे दिवसाला १.७ होतात, म्हणजे नोडच्या खर्चाच्या तिप्पट. उष्णतेत हे प्रमाण आणखी वाढतं. बाहेर ४२-४३ अंश असताना उन्हातली काळी पेटी आतून ६०च्या पुढे जाते, आणि लिथियम-आयन ४५च्या वर चार्ज करू नये असं सांगतात. सोलरवर चालणारा नोड नेमका भर दुपारी चार्ज होतो.

म्हणून एवढ्या कमी खर्चाच्या नोडला मी चार्ज न होणारा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल सुचवतो. ३.६ व्होल्ट, वर्षाला जेमतेम एक टक्का उतरतो, ८५ अंशांपर्यंत चालतो. डबल-ए आकारात सुमारे २४०० मिलिअँपिअर-तास. त्याची एक खोड आहे: एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, विशेषतः बरेच दिवस निवांत पडलेला असेल तर. रेडिओ बोलतानाची ही मागणी भागवायला सेलला समांतर कमी गळतीचा चांगला मोठा कपॅसिटर लागतोच. आणि हा सेल चुकूनही चार्जरला लावू नका, फुटतो.

पेटी पांढरी घ्या, झाडाच्या उत्तर अंगाला बांधा. ती पाइपवर उंच असेल तर वर पत्र्याची किंवा थर्माकोलची टोपी द्या, बाजूने वारा खेळता ठेवा. वायरचं छिद्र खालच्या बाजूला आणि सिलिकॉनने बंद, नाहीतर मुंग्या घर करतात. वखरणी-रोटावेटरच्या वाटेत येणारी वायर कंड्युटमधून खोल घाला.

लावल्यावर काय बघायचं

प्रत्येक संदेशात व्होल्टेज येतंच, त्याचा आलेख ठेवा. एखाद्या नोडचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा भराभर उतरत असेल तर बहुधा पेटीत ओल शिरली आहे किंवा सेन्सरची वायर उंदराने कुरतडली आहे. रोजच्या संदेशांची संख्याही मोजा. ती अचानक वाढली तर भेगेतला सेन्सर आठवा.

थायोनिल सेलचा आलेख मात्र फसवा असतो. व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग काही दिवसांत संपतं. त्यामुळे तिथे व्होल्टेजवर न जाता नोडने एकूण किती संदेश पाठवले याची मोजणी गेटवेवर ठेवा, ताळेबंदातला एका संदेशाचा खर्च तिच्याशी गुणा, झोपेचा आणि मोजण्याचा खर्च दिवसांच्या हिशोबाने त्यात मिळवा, आणि सेलची सत्तर टक्के शिदोरी संपली की बदला. बदलाबदली मेअखेर उरका. मृग लागल्यावर काळ्या रानात आठ-आठ दिवस पाय घालता येत नाही.